पहिला बॉल आत, मग तिसरा का पडतो?

आज शूटरबद्दल बोलू. फर्स्ट टेक चॅलेंजच्या २०२५-२६ च्या सीझनमध्ये, म्हणजे ‘डिकोड’मध्ये, ५ इंची, भोकाभोकांचे प्लास्टिकचे बॉल गोलमध्ये टाकायचे असतात. रोबोटकडे एका वेळी जास्तीत जास्त ३. आणि बऱ्याच टीमची रड एकच: पहिला बॉल मस्त आत, दुसरा काठावर आपटतो, तिसरा पोचतच नाही. मग सगळे ड्रायव्हरवर घसरतात, “अरे, नेम धर ना नीट!” नेम नीटच असतो हो. उगाच त्या पोराला बोलणी बसतात.

होतं काय, की फिरत्या चाकाला घासून जाताना बॉल चाकाची थोडी ऊर्जा घेऊन जातो. चाक मंदावतं. ते सावरायच्या आत पुढचा बॉल आला की त्याला कमी वेग मिळतो. अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे वेग १० टक्के घटला तर अंतर जवळजवळ १९ टक्के घटतं. एवढ्यात गोल हुकतोच.

यावर लोक पॉवर वाढवतात. पण कोडमधली ०.८ पॉवर म्हणजे वेग नव्हे, तो बॅटरीच्या व्होल्टेजचा हिस्सा आहे. सकाळी फुल चार्जवर जुळवलेलं दुपारी बोंबलतं ते म्हणूनच. वेगच मोजा. मोटरच्या एन्कोडरला एका फेरीत २८ टिक्स असतील आणि चाक थेट मोटरवर असेल, तर ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १४०० टिक्स. हा आकडा स्क्रीनवर आणा, ग्राफ काढा. प्रत्येक बॉलला पडलेला खड्डा चक्क दिसतो.

मग पीआयडीएफ. आधी बाकी सगळे शून्य ठेवून फक्त एफ वाढवत जा, रिकामं चाक हव्या वेगाच्या आसपास येईपर्यंत. नंतर पी थोडा थोडा वाढवा, खड्डा लवकर भरेपर्यंत. चाक थरथरायला लागलं की मागे या. आय ला मी हात लावत नाही. चाक मंद असताना तो साठत जातो आणि मग वेग वर उडतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: वेग ठरलेल्या पट्ट्यात आल्याशिवाय पुढचा बॉल सोडूच नका. जड चाक लावलं तर खड्डा लहान होतो, पण सुरुवातीला वेग घ्यायला वेळ लागतो. पहिल्या ३० सेकंदांत, रोबोट आपला आपण चालतो तेव्हा, तो वेळ परवडतो का बघा.

आणि हो, ग्राफ सपाट असूनही बॉल इकडेतिकडे जात असतील तर कोड सोडा. चाक आणि वरची कमान यांच्यातली फट तपासा. बॉल सैल असेल तर घसरतो, फार दाबला तर चाकाचा वेग खातो. मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये शूट करा, घसरणं लगेच कळतं. मग अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर, एकाच जागेवरून ३० बॉल मारा, तीन-तीनच्या खेपेने. किती आत गेले ते कमेंटमध्ये सांगा.