आईबाप दोघेही माजी सैनिक : मुलांच्या हक्काच्या गोष्टी



घरात एक माणूस फौजेत असला की गावाला त्याचे कौतुक असते. सातारा, कोल्हापूर, सांगली या भागांत तर असे घर शोधावे लागत नाही. अपशिंगे गावाने आपल्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्दच लावून घेतला आहे. पण आजवर फौजेतले माणूस म्हटले की डोळ्यांसमोर बाप येत असे, भाऊ येत असे, मुलगा येत असे. आई येत नसे. आता ती येऊ लागली आहे, आणि म्हणूनच आजचा विषय निघाला. ज्या मुलाचे आई आणि वडील असे दोघेही माजी सैनिक आहेत, त्या मुलाला सरकारकडून काय मिळते, आणि ते हाती पडण्यासाठी घरच्यांनी आणि गुरुजींनी काय करावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

बाया फौजेत आल्या त्या काही काल-परवा नव्हे. १८८८ सालच्या मार्च महिन्यात दहा शिकलेल्या परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, आणि आपल्याकडील लष्करी रुग्णसेवेची सुरुवात तिथून धरतात. स्त्री डॉक्टरही लष्करात पुष्कळ वर्षांपासून आहेत. १९९२ पासून इतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून घेण्यास आरंभ झाला, आणि २०२१ च्या मे महिन्यात लष्करी पोलीस दलातील स्त्री-जवानांची पहिली तुकडी बेंगळूरला शिक्षण पुरे करून बाहेर पडली. ती तुकडी त्र्याऐंशी जणींची होती. तेव्हा आईबाप दोघेही फौजेतून आलेले, अशी घरे आज थोडी असली तरी पुढे वाढत जाणार आहेत.

आता तुम्ही म्हणाल, दोघेही माजी सैनिक म्हणजे सवलत दुप्पट! मंडळी, इथेच पहिला गैरसमज होतो. सगळे दुप्पट होत नाही. काही गोष्टी एकदाच मिळतात, काही दोन्हींकडून मिळतात, आणि काही बाबतींत आईकडून मिळेल की वडिलांकडून, हे नीट पाहावे लागते. मुलासाठी दोन दारे आहेत खरी, पण ती दोन्ही सारख्या मापाची नाहीत.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. 'माजी सैनिक' आणि 'निवृत्तिवेतन घेणारा सैनिक' या दोन गोष्टी एक नव्हेत. ठरलेली मुदत पुरी करून उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी घेऊन जो बाहेर पडला, तोही सरकारी व्याख्येप्रमाणे माजी सैनिक ठरतो. त्याला दरमहा पेन्शन मात्र नसते. अल्पमुदतीच्या कमिशनवर गेलेल्या कितीतरी स्त्री-अधिकारी अशाच बाहेर पडल्या आहेत. अशा आईच्या मुलाला 'माजी सैनिकाचे पाल्य' हा दाखला मिळू शकतो, पण आईच्या माघारी तिच्या नावाचे कुटुंब निवृत्तिवेतन त्याला मिळणार नाही, कारण मुळात तिला पेन्शनच नव्हती. उलट वडील पेन्शनवर आले असतील, तर त्यांच्या बाजूने दोन्ही गोष्टी मिळतात. अग्निवीरांची गोष्ट आणखी निराळी. २०२२ साली त्या भरतीच्या ज्या अटी जाहीर झाल्या, त्यांत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणून 'आमची सूनही फौजेत होती' एवढ्यावर विसंबू नका. ती कोणत्या अटींवर गेली आणि कशी बाहेर आली, हे तिच्या सेवामुक्तीच्या पुस्तकात पाहा.

आता शिक्षणाकडे वळू. हवालदार किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना, पहिलीपासून पदवीपर्यंत, केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत शिक्षण-अनुदान मिळते. ते पूर्वी मुलामागे महिन्याला १००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते २००० रुपये करण्यात आले. हे पैसे येतात कुठून, हे गुरुजींनी वर्गात जरूर सांगावे. दरवर्षी ७ डिसेंबरला शाळेत ध्वजदिनाचे लहानसे निशाण देऊन वर्गणी गोळा करतात ना? १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्या ध्वजदिन निधीतूनच या अनुदानाला पैसा मिळतो. तुमच्या शाळेतल्या मुलांनी डब्यात टाकलेले नाणे असे फिरून एखाद्या सैनिकाच्या लेकराच्या वह्यापुस्तकांना लागते.

आता इथे दोन दारांचा प्रश्न येतो. समजा, एका घरात वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आई रुग्णसेवेत अधिकारी म्हणून निवृत्त झाली. शिक्षण-अनुदानाला हवालदारापर्यंतच्या हुद्द्याची अट आहे. म्हणजे आईच्या हुद्द्यावर हा अर्ज चालणार नाही. तो वडिलांच्या नावाने करावा लागेल. आईचा हुद्दा मोठा म्हणून तिच्या नावाने अर्ज केला, तर तो परत येईल आणि त्यात वर्ष वाया जाईल. आणखी एक लक्षात ठेवा. त्याच मुलासाठी, त्याच इयत्तेसाठी, एकदा आईच्या नावे आणि एकदा वडिलांच्या नावे असे दोनदा अनुदान घेता येत नाही. मुलाच्या शिक्षणाचा भत्ता दुसऱ्या एखाद्या नोकरीतून किंवा राज्य सरकारकडून मिळत असेल, तर तेही अर्जात लपवू नये.

बारावीनंतर इंजिनियरिंग, वैद्यकी, औषधनिर्माण, बी.एड. अशा धंदेशिक्षणाकडे मूल वळले, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. ती २००६-०७ पासून सुरू आहे. माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी वर्षाला ५५०० शिष्यवृत्त्या असतात, त्यांतल्या निम्म्या मुलींच्या. २०१९ साली तिचे दर वाढले : मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५०० रुपये. आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत. रणांगणावर कामी आलेल्यांची आणि जायबंदी झालेल्यांची मुले यादीत वर असतात. साध्या निवृत्तांपैकी अधिकारी दर्जाखालील सैनिकांच्या मुलांचा विचार शेवटच्या गटात होतो. तेव्हा इथेही, आई अधिकारी आणि वडील जवान असतील, तर अर्ज कोणाच्या सेवेवर करायचा हे आधी ठरवा.

सैनिक शाळा तुम्हांला ठाऊकच आहेत. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्याची, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. सैनिक शाळांत सहावीत आणि नववीत प्रवेश परीक्षेने प्रवेश मिळतो, आणि २०२१-२२ पासून त्यांची दारे मुलींनाही उघडी झाली. तिथे आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. ही राखीव जागा मिळवण्यासाठी दोघांपैकी एकाची सेवा पुरेशी होते. दोघेही फौजेत होते म्हणून गुण वाढत नाहीत, परीक्षा सगळ्यांना सारखीच. याशिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहे आहेत. खेड्यातून शहरात शिकायला जाणाऱ्या पोरीला राहायला बरी जागा नाही म्हणून तिचे शिक्षण थांबवण्याआधी, या वसतिगृहाची चौकशी करा.

औषधपाण्याचे म्हणाल, तर पेन्शनवर आलेल्या सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. तिला लोक 'ईसीएचएस' म्हणतात. तीत अवलंबून असलेला मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावता झाला वा त्याचे लग्न झाले तर तोपर्यंत, मोडतो. मुलीला वयाची मर्यादा नाही. ती कमावती होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत तिला हा लाभ मिळतो.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट सांगतो. देव करो आणि अशी वेळ कोणावर न येवो. पण आई आणि वडील दोघेही गेले, तर मागे राहिलेल्या लेकराचे काय? दोघांपैकी एक हयात असेतोवर कुटुंब निवृत्तिवेतन त्या मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळते, आणि त्याची स्वतःची पेन्शनही चालू राहते. दोघेही गेल्यावर मात्र मुलाला आईच्या सेवेचे आणि वडिलांच्या सेवेचे अशी दोन कुटुंब निवृत्तिवेतने मिळू शकतात. दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने जमेस धरल्या जातात त्या इथे. केंद्र सरकारच्या नोकरीतील आईबापांसाठी हा नियम आहे, आणि संरक्षण दलांतही तत्त्व तेच आहे. दोन्ही मिळून किती रक्कम मिळावी याला कमाल मर्यादा असते. केंद्र सरकारच्या नियमांत ती पूर्वी वाढीव दराला ४५,००० आणि साध्या दराला २७,००० रुपये होती. फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने ती अनुक्रमे १,२५,००० आणि ७५,००० करण्यात आली. ही मुलाच्या हक्काची रक्कम. ती साधारणपणे २५ वर्षे वयापर्यंत, किंवा त्याआधी मूल कमावते झाले वा त्याचे लग्न झाले तर तोपर्यंत असते. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला ती जन्मभर मिळू शकते. आणि बरं का, इथे थोरल्या-धाकट्याचा क्रम पाहतात, मुलगा की मुलगी हे पाहत नाहीत.

पण श्रोतेहो, हक्क कायद्यात असून भागत नाही. तो कागदावर जुळावा लागतो. आणि जुळत नाही तो बहुधा एका अक्षरापायी, एका तारखेपायी. वडिलांच्या पुस्तकात मुलाचे नाव 'प्रकाश', शाळेत 'ओमप्रकाश'. जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेत दुसरी, कारण नाव घालताना कोणीतरी 'जूनची पहिली लिहा' म्हणून सांगितलेले. बाप एकटा फौजेत असेल तर ही तफावत एका ठिकाणी मिटवावी लागते. आईबाप दोघे असतील तर दोन ठिकाणी. त्यातून आईच्या सेवेच्या कागदांत तिचे माहेरचे नाव असते, आणि मुलाच्या शाळेत सासरचे. पाहणाऱ्या कारकुनाला ही एकच बाई आहे हे कळणार कसे? आईबाप हयात असताना ते सही करून, शपथपत्र करून हे मिटवू शकतात. ते गेल्यावर दहा-बारा वर्षांच्या पोराने हे कोणाकडे जाऊन सांगावे?

म्हणून माजी सैनिक बंधूभगिनींना माझे सांगणे असे. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. दोघांची सेवामुक्तीची पुस्तके आणि पेन्शनचे आदेश, म्हणजे पीपीओ, शेजारी शेजारी ठेवा. मुलाचे नाव दोन्हींत आहे का ते पाहा. पुष्कळदा ते एकाच्याच कागदात असते, 'एकाकडे आहे, पुरे झाले' म्हणून. ते पुरे होत नाही. नसेल तर आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडे नोंदीसाठी अर्ज करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते कार्यालय बेळगावात आहे, नौदलाच्या खलाशांचे मुंबईत. आईचे आणि वडिलांचे कार्यालय वेगवेगळे असणार, तेव्हा अर्जही दोन. कुठे जायचे हे कळत नसेल तर आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय गाठा. शिक्षण-अनुदानाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज आता संकेतस्थळावर भरायचा असतो, पण कागद तपासणारे कार्यालय हेच. तिथे पाटीपूजा लागत नाही आणि मध्यस्थही लागत नाही. तुम्ही त्या दाराशी मागायला आलेले नाही, हे ध्यानात ठेवून आत जा.

आणि गुरुजी, बाई, आता तुमच्याकडे वळतो. या सगळ्या साखळीची पहिली कडी तुमच्या हातात आहे. पहिलीत नाव दाखल करताना तुम्ही जनरल रजिस्टरात जे लिहिता, तेच पुढे दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर जाते. मूल सैनिकाचे आहे असे कळले, तर जन्मदाखल्याबरोबर आईबापांचे पुस्तकही मागून पाहा, आणि अक्षर नि अक्षर ताडून मगच लिहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नावही लावले जाते. आई माजी सैनिक असेल तर सेवेच्या कागदांतले तिचे नाव कोणते, हे तेव्हाच विचारून घ्या. चूक सापडलीच, तर मूल शाळेत असतानाच ती रीतसर दुरुस्त करून द्या. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. वर्षातून एकदा पालकसभेत विचारा, 'कोणाच्या घरचे कोण फौजेत होते?' आणि 'कोणाचे वडील' एवढेच विचारू नका. 'कोणाची आई' हेही विचारा. तो प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून निम्मा हक्क बुडालेला राहू नये.

ज्या घरातून दोन माणसे देशाच्या कामी गेली, त्या घरच्या लेकराला दोघांच्याही सेवेचे श्रेय मिळाले पाहिजे. सरकारने नियम केले आहेत, पैसाही ठेवला आहे. राहिले ते आपले काम : दोन पुस्तके, एक रजिस्टर, आणि तिन्हींत एकच नाव, एकच तारीख. एवढे या आठवड्यात करा.