पंपाच्या जागेची राखण

आज आपण बोलणार आहोत इन्सुलिनचा पंप लावलेल्या लेकरांविषयी. असे मूल गावात एखाद्याच घरी असेल, पण त्या घराला शेजारपाजारची, शाळेची, बचत गटाची साथ लागते. म्हणून हे सगळ्यांनीच ऐकायचे.

काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयार होणे बंद पडते. याला टाइप वन मधुमेह म्हणतात. तो गोड खाल्ल्याने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि त्यात आईचा काही दोष नसतो. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिले गेले ते ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातल्या टोरांटो शहरात, १४ वर्षांच्या एका मुलाला. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत. इन्सुलिन तोंडाने घेता येत नाही, ते पोटात पचून जाते. म्हणून रोज तीन-चार सुया, नाहीतर पंप.

पंप म्हणजे कमरेला अडकवायचे छोटे यंत्र. त्यातून बारीक नळी निघते आणि तिचे टोक कातडीखाली बसवून वर चिकटपट्टी लावतात. या नळीला आणि टोकाला मिळून सेट म्हणतात. आता बघा, कातडी म्हणजे शरीराचे कुंपण. जंतू कातडीवर नेहमीच असतात, कुंपण धड असेल तर आत येत नाहीत. पंपाची जागा म्हणजे कुंपणाला दोन-तीन दिवस राहिलेली फट. तिची राखण आपणच करायची.

राखणीची सुरुवात हातांपासून. साबणाने नखांपर्यंत हात धुवायचे आणि धुतलेल्या फडक्याला पुसायचे, पदराला नाही. मुलाची आंघोळ आधी, सेट नंतर. त्या जागी तेल, पावडर लावायची नाही. स्पिरिटच्या पट्टीने जागा पुसली की ती आपोआप वाळू द्यायची. फुंकर मारायची नाही, कारण तोंडातले जंतू तिथे जातात. ओल्या जागेवर चिकटपट्टीही धरत नाही. सुईला बोट लागले किंवा ती खाली पडली, तर ती वापरायची नाही.

जागा दर वेळी बदलायची. पोट, मांडी, कुल्ला, आलटून पालटून. बेंबीपासून दोन बोटे लांब आणि जुन्या जागेपासून निदान एक इंच दूर. जिथे नाडी किंवा पट्टा घासतो तिथे नको, व्रणावर नको, गाठ झाली असेल तिथेही नको. गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

मऊ नळीचा सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचा, सुईचा त्याहून लवकर. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटली, तर त्याच दिवशी. बदल शक्यतो सकाळी करावा. रात्री निजताना बदलला आणि नळी नीट बसली नाही, तर ते झोपेत कळत नाही. बदलल्यावर दोन तासांनी साखर तपासायची.

इथे पैशाचा प्रश्न येतो. सेट महाग असतात, म्हणून घरातले म्हणतात, अजून दोन दिवस चालव. ही काटकसर लेकराच्या अंगावर येते. जागा जितके दिवस तीच, तितका संसर्गाचा धोका वाढतो. सेट परवडत नसतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुयांवर या. सुयांनीही साखर चांगली राखता येते, त्यात कमीपणा नाही. आणि महिनाअखेर पैसे कमी पडले, तर गटाच्या अंतर्गत कर्जात या खर्चाला आधी जागा द्यायला काय हरकत आहे?

रोज आंघोळीच्या वेळी जागा डोळ्यांनी पाहायची. पट्टीच्या आकाराएवढीच लाली आणि खाज असेल, तर बहुधा चिकटपट्टी सोसत नसते. डॉक्टरांना सांगून पट्टी बदलून घ्यावी. पण जागा दुखते, गरम लागते, सुजते, कडक होते किंवा पू दिसतो, तर थांबायचे नाही. तो सेट काढायचा, साबण-पाण्याने जागा धुवायची आणि नवा सेट लांब, दुसऱ्या बाजूला लावायचा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा, म्हणजे ती पसरते का ते कळते. पू असेल, लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. जागा पिळायची नाही. हळद, चुना, तूप, राख, टूथपेस्ट काही लावायचे नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर ठरलेले सगळे दिवस द्यायच्या.

हे नुसते कातडीचे दुखणे नाही. बिघडलेल्या जागेतून इन्सुलिन नीट आत जात नाही, आणि संसर्गाने साखर आणखी चढते. पंपात फक्त लवकर काम करणारे इन्सुलिन असते, त्याचा साठा अंगात उरत नाही. ते बंद पडले की काही तासांतच रक्तात आम्ल साठू लागते. खूप तहान, सारखी लघवी, उलटी, पोटदुखी, जोरजोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, ही त्याची लक्षणे. अशा वेळी देवऋषी नको, उद्या पाहू नको. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन कधीच बंद करायचे नाही. पंप बिघडला तर किती इन्सुलिन टोचायचे ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज घरात नेहमी हवीच.

शेवटची गोष्ट. आई रागावेल, खर्च वाढेल, या भीतीने मुले लाल झालेली जागा लपवतात. वयात येणाऱ्या मुली तर लाजेनेही लपवतात. म्हणून मुलाने जागा दाखवली की आधी म्हणायचे, सांगितलेस ते बरे केलेस. शाळेतल्या बाईंनाही हे सांगून ठेवू या. पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलावू आणि आपल्या गावात असे कोणते लेकरू आहे, त्याच्या घरी काय कमी आहे, ते विचारू.