चवदार तळ्याचा ठराव आणि वस्तीत शिरणारे पाणी

(विहारातील व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय हवामानबदल आणि आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका असा आहे. हा शास्त्रज्ञांचा प्रश्न असून वकिलाने, आणि तोही विहारात, त्यावर कशासाठी बोलावे, असे आपणांपैकी काहींस वाटेल. त्याचे उत्तर मला महाडला सापडते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केले. परंतु ते कागदावर! तीन वर्षांहून अधिक काळ तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावात प्रथम प्राण आला. पुढे काय झाले हेही विसरू नका. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. स्थानिक संस्था ठराव करू शकते, तो निजवू शकते आणि फिरवूही शकते, हे आपल्या चळवळीइतके कोणी अनुभवलेले नाही.

आता त्याच महाडचे दुसरे चित्र पाहा. २२ जुलै २०२१ रोजी सह्याद्रीवर असा पाऊस कोसळला, की महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाण्याची नोंद झाली. सावित्री नदी तेथेच उगम पावते आणि महाडजवळून वाहते. शहराची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगरकडा वस्तीवर कोसळून ८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९२७ साली पाण्याला स्पर्श करू देत नव्हते. २०२१ साली पाणी कोणासही विचारल्यावाचून घरात आले.

असे का घडते? आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. दैवी कोपाची भाषा आपण बोलू शकत नाही. पाऊस लांबला की गावात यज्ञासाठी वर्गणी फिरते. ती देण्याचे आपणांस कारण नाही. भगवान बुद्धांनी कारणावाचून कार्य नाही असे शिकविले, आणि येथे कारण सर्वज्ञात आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, पृथ्वीची उष्णता अडकून राहते, आणि तापमान एक अंश वाढले की हवेत सुमारे सात टक्के अधिक बाष्प सामावते. ते बाष्प एकदम कोसळले म्हणजे ढगफुटी म्हणावी असा पाऊस पडतो. हा कोळसा आपल्या आजोबांनी जाळला नाही. त्याचा ताप मात्र आपल्याच पत्र्याच्या घराला अधिक लागतो.

कारण आपली वस्ती कोठे आहे हे पाहा. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, गायरानाच्या कडेला. ही जागा आपण निवडलेली नाही, ती आपणांस नेमून दिलेली होती. जातीने आखलेल्या नकाशावरच आजचा पूर चालतो. माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. ग्रामपंचायतीने गावातून जाणारा रस्ता भर घालून उंच केला आणि मोरी ठेवली नाही. पहिल्याच मोठ्या पावसात साऱ्या गावाचे पाणी वस्तीत तुंबले. पंचनामा करावयास माणूस आला, त्याने नमुना आठचा उतारा मागितला. गायरानावरील घरांची नोंदच नव्हती. धान्य भिजले, शाळेची पुस्तके वाहून गेली, आणि कागदोपत्री तेथे कोणाचेच नुकसान झाले नाही! एक म्हातारी उपासिका मला म्हणाली, "वकीलसाहेब, घरपट्टीला आम्ही दिसत नाही, पुराला बरे दिसतो." मी निरुत्तर झालो.

स्थानिक संस्थेस काही करता येत नाही, हा मात्र खोटा बहाणा आहे. अहमदाबाद येथे मे २०१० मध्ये उष्णतेची अशी लाट आली, की त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे अभ्यासांती आढळले. तेथील महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. लाट येण्यापूर्वी इशारा देणे, पाणपोया उघडणे, डॉक्टर-परिचारिकांस शिक्षण देणे, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगविणे, इतकी साधी ती कामे. पत्र्याला चुना लावण्यास विज्ञानमंदिर लागत नाही.

आपल्या महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. त्यात पंचमहाभूतांच्या नावाने ग्रामपंचायती व नगरपालिकांस गुण मिळतात. आपल्या धम्मात महाभूते चारच सांगितली आहेत, परंतु मोजणीवरून मी भांडत नाही. झाडे लावली का, याला गुण आहेत, हे चांगले आहे. ती झाडे कोणाच्या अंगणात सावली देतात, हा माझा प्रश्न आहे.

कायदा आज आपल्या बाजूस काय देतो ते ऐका. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी असे मानले, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा संविधानाच्या कलम १४ व २१ मधून निघणारा अधिकार आहे. कलम १४ म्हणजे समता. ज्यांस हा फटका अधिक बसतो त्यांच्या बाबतीत तो समतेचा प्रश्न होतो. हा निर्णय घेऊन उद्या नुकसानभरपाई मिळेल, असे मी म्हणणार नाही. अशी आशा दाखविणारा वकील आपला हितकर्ता नव्हे. परंतु मागणीला आता आधार आहे.

हाताशी असलेली साधने याहून जवळची आहेत. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीत अनुसूचित जातींसाठी जागा राखीव आहेत, आणि १९९० साली संसदेने कायदा केल्यापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही त्या जागांवर हक्क आहे. दीक्षा घेतल्याने सवलत जाते, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. मात्र जातीचा दाखला योग्य नमुन्यात काढून ठेवा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाचे असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या वस्त्यांच्या विकासाची स्वतंत्र योजनाही आहे. या पैशांतून बहुधा कमान आणि सिमेंटचा रस्ता होतो, उद्घाटनाचा नारळ फुटतो, आणि पाणी जावयास वाट राहत नाही. रस्त्याबरोबर गटार मागा, मोरी मागा, उंचावर हातपंप मागा, समाजमंदिराच्या छपरास पांढरा रंग मागा. उन्हाळ्यात मजुरीची वेळ सकाळची असावी, हेही मागा.

हे सारे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात लिहिले जावे लागते, आणि तो ग्रामसभेपुढे येतो. तेथे आपण जात नाही! गेलो तर मागे उभे राहतो. भगिनींनो, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. पाणी वाहणाऱ्या तुम्ही, तेव्हा पाण्याविषयी प्रथम तुम्हीच बोलले पाहिजे. सभेत नुसते बोलू नका. मागणी दोन प्रतींत लिहून न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या, आणि सभा संपल्यावर इतिवृत्ताची नक्कल मागा. नक्कल नाकारली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. घराची नोंद नमुना आठला नसेल, तर पावसाची वाट न पाहता पहिला अर्ज त्याचाच करा.

ज्यांस अर्ज लिहिता येत नाही, त्यांनी वंदनेनंतर थांबावे. मी कोरे कागद बरोबर आणले आहेत.

जय भीम.