मुखपट्टी, श्रम आणि श्वास
(सेवकवर्गाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



वाणिज्य शाखेच्या पदवीधराने श्वसनक्रियेवर बोलावे, हे धाडसच आहे. तथापि क्षयरोग विभागातील सेवकांनी आम्हांस लेखी विचारले आहे की, एन-९५ मुखपट्टी लावून रुग्णाचे स्ट्रेचर चढावर ढकलताना जो दम लागतो, तो अपायकारक आहे काय? प्रश्न कामाच्या वाटणीशी निगडित असल्याने त्याचे उत्तर प्रशासनानेच द्यावयास हवे.

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. अतिश्रमात हाच आकडा १०० लिटरच्याही पुढे जाऊ शकतो. एवढी हवा दाट पट्टीतून ओढावयाची म्हणजे श्वसनाच्या स्नायूंना जादा काम पडणारच. सोडलेल्या श्वासाचा थोडा अंश पट्टीच्या आत राहून पुन्हा छातीत जातो. घामाने पट्टी भिजली की हवेला होणारा अडथळा आणखी वाढतो. चेहऱ्याभोवती उष्ण, दमट हवा कोंडते. निरोगी माणसाला वाटणारी घुसमट पुष्कळदा या कोंडीची असते, रक्तातील प्राणवायू घटल्याची नव्हे.

२०२० मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात १४ निरोगी व्यक्तींना थकेपर्यंत सायकल चालवावयास लावण्यात आले. कापडी वा शस्त्रक्रियेच्या मुखपट्टीमुळे त्यांच्या कामगिरीत अथवा रक्तातील प्राणवायूत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी जर्मनीतील लाइपझिग येथे १२ निरोगी पुरुषांच्या चाचणीत मात्र कमाल श्रमक्षमता घटली, आणि एन-९५च्या तोडीच्या एफएफपी-२ पट्टीने ती अधिक घटली. दोन ताळेबंद जुळले नाहीत की हिशेबनीस अस्वस्थ होतो. परंतु येथे पट्ट्याही सारख्या नव्हत्या आणि माणसेही मोजकीच होती. बेताच्या श्रमात निरोगी शरीर हा भार सोसते, शक्तीची परिसीमा गाठताना तो जाणवतो, असा अर्थ आम्ही घेतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना हे निष्कर्ष लागू करता येणार नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, अंतर राखावे, असे सुचविले होते. महाराष्ट्रातील सक्तीही २०२२च्या गुढीपाडव्यापासून उठली. बागेत धावणाऱ्यास पट्टी खिशात ठेवता येते. क्षयरुग्णाचे स्ट्रेचर ढकलणाऱ्यास ना अंतर राखता येते, ना पट्टी उतरविता येते. म्हणून पट्टी कायम ठेवून श्रमच कमी करणे आम्हांस योग्य वाटले.

यापुढे या विभागात चढावर एका स्ट्रेचरमागे दोन सेवक राहतील. दमा अथवा हृदयविकार असलेल्यांनी नेमणुकीपूर्वी आमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यामुळे कोणाच्याही वेतनात कपात होणार नाही. भिजलेली पट्टी रुग्णकक्षाबाहेर येऊन तत्काळ बदलावी. नवी पट्टी भांडारातून मागताना कारण लिहून द्यावे लागणार नाही आणि तिचा खर्च सेवकांच्या नावे पडणार नाही. तशी सूचना भांडारपालांस आज सकाळीच दिली आहे.