बोट उचलायची घाई नको

आम्ही एकाच बचत गटातल्या सहाजणी. या कार्यक्रमात आपण शेळीपालन ऐकलं, परसबाग ऐकली, कर्जाचे हप्ते वेळेवर कसे भरायचे तेही ऐकलं. आज आम्ही बोलणार आहोत गिटारवर. हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं. पण दोन वर्षं झाली, आमच्या गटात गिटार वाजते आहे आणि ती आम्हीच वाजवतो.

गिटार आली ती माळ्यावरून. आमच्यातल्या एकीच्या मुलानं कॉलेजात असताना हौसेनं घेतली, नोकरीला गेला तेव्हा जुन्या धोतरात गुंडाळून ठेवून गेला. दिवाळीच्या सफाईत ती खाली आली. दोन तारा गंजल्या होत्या, एक तुटली होती. गावात पेटी आहे, पण ती देवळातली, भजनाच्या पुरुषांची. आम्ही हात लावला की लगेच कुणीतरी म्हणायचं, "सूर बिघडतील." गिटार मात्र कुणाचीच नव्हती. तिला हात लावायला आम्हाला कुणाला विचारावं लागलं नाही.

तालुक्याला जाऊन सहा तारांचा नवा संच आणला. तिथल्या दुकानदारानं चांगली गोष्ट सांगितली: काही गिटारी नायलॉनच्या तारांच्या असतात, त्या बोटांना मऊ लागतात. काहींना स्टीलच्या तारा असतात, त्या सुरुवातीला बोचतात. एकीच्या तारा दुसरीला चढवू नयेत. आमची स्टीलची निघाली. शिकवायला मिळाली एकीची भाची. ती कॉलेजात वाजवते आणि सुट्टीत मामीकडे आली होती. महिनाभर तिनं शिकवलं, मग फोनवरून.

गिटार एक आणि आम्ही सहा. मग भिशीसारखं केलं. रोज एका घरी गिटार, रविवारी सगळ्याजणी एकत्र. आपला वार असेल त्या दिवशी रात्रीची भांडी झाली की वीस मिनिटं. तेवढा वेळ मिळवणंच सगळ्यात अवघड गेलं, हे आधीच सांगतो. "आता हे काय नवीन?" असं सहाही घरांत ऐकावं लागलं. एकीच्या सासूबाई तर पहिल्या महिन्यात दार लावून घ्यायच्या. आता त्याच विचारतात, "आज आपला वार ना गं?"

पहिल्या दिवशीच्या अडचणी ऐका, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापावी लागतात. बोटांची टोकं दुखतात. दोन-तीन आठवड्यांत तिथं घट्टा पडतो, मग दुखत नाही. खुरप्यानं आपल्या तळहाताला पडतो ना, तसाच. उजवा हात गिटारीच्या पोटावर टेकतो, तिथं बांगड्या किणकिणतात. बांगड्या काढायला सांगतील या भीतीनं आमच्यातल्या दोघी गप्पच होत्या. भाचीनं मनगटावर रुमाल बांधायला सांगितला, प्रश्न मिटला. तार छेडायला प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो, त्याला पिक म्हणतात. आम्ही म्हटलं, पीक शेतातही आणि पिक हातातही!

आता मुख्य मुद्दा. गिटारीवर गाण्याचे सूर एकेक करून वाजवतात, मागं दुसरी कुणी ठेका धरते, त्या एकटीच्या सुरावटीला सोलो म्हणतात. तो वाहत्या पाण्यासारखा सलग यावा असं प्रत्येकीला वाटतं. आमचा यायचा तो खडीवरून चाललेल्या बैलगाडीसारखा. टण, थांब. टण, थांब. आम्हाला वाटलं, हात भरभर चालत नाही म्हणून असं होतंय. म्हणून आम्ही वेग वाढवला, तर जास्तच खडखडायला लागलं.

भाचीनं हात बघितला आणि म्हणाली, "मामी, तुम्ही बोट फार लवकर उचलता." दुसऱ्या सुरावर जायच्या आधीच आम्ही पहिला सोडून देत होतो. बोट उचललं की तार मुकी होते आणि मध्ये खड्डा पडतो. मग आमच्यातल्या मावशी बोलल्या आणि ते आम्हाला कायमचं समजलं. त्या म्हणाल्या, "तान्हं मूल एकीकडनं दुसरीकडं देताना आपण काय करतो? दुसरीनं नीट धरल्याशिवाय पहिली सोडत नाही." सुराचंही तसंच आहे. पुढचा सूर वाजेपर्यंत मागचं बोट दाबलेलंच ठेवायचं. सलगपणा वेगातून येत नाही, या धरून ठेवण्यातून येतो.

ज्यांच्या घरी गिटार आहे, त्यांनी वही-पेन्सिल घ्या. सगळ्यात बारीक तार जमिनीकडे असते, ती पहिली. सगळ्यात जाड तार हनुवटीकडे, ती सहावी. सूर जुळवायला मोबाईलवर ट्यूनर नावाचं फुकट अॅप मिळतं. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर लावायचे. गिटारीच्या मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पडदे म्हणतो. बोट पट्टीवर ठेवायचं नाही, दोन पट्ट्यांच्या मधोमधही नाही. पट्टीच्या अगदी जवळ, पण अलीकडे. तिथं कमी जोर लागतो आणि तार किरकिरत नाही.

आता भूप रागाचे पाच सूर घेऊ: सा, रे, ग, प, ध. जगभरात नवशिक्यांना गिटारीवर सोलो शिकवताना पाच सुरांपासूनच सुरुवात करतात, आणि हे पाच सूर आपल्या कानाला ओळखीचे आहेत. पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्याला सा. चौथी तार मोकळी, तो रे. त्याच तारेवर दुसऱ्या पडद्याला ग. तिसरी तार मोकळी, तो प. तिच्यावर दुसऱ्या पडद्याला ध. आणि दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्याला वरचा सा. पहिल्या पडद्याला तर्जनी, दुसऱ्याला मधलं बोट, तिसऱ्याला अनामिका.

हे आठवडाभर असंच वाजवा. मग एक युक्ती करा. चौथी तार मोकळी छेडा, रे वाजेल. ती वाजत असतानाच मधलं बोट दुसऱ्या पडद्याजवळ ठामपणे टेकवा. तार पुन्हा छेडायची नाही. ग आपोआप बोलेल. एका छेडण्यात दोन सूर आले! याला हॅमर-ऑन म्हणतात. तिसऱ्या तारेवर प आणि ध तसेच येतात. उतरताना ध वरून बोट सरळ वर उचलू नका, तारेला जमिनीच्या बाजूला हलकं ओढत सोडा, म्हणजे प वाजतो. तो पुल-ऑफ. आणि बोट न उचलता तारेवरूनच पुढच्या पडद्यापर्यंत सरकवत नेलं, की तो स्लाइड.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. मोकळी बोटं तारेपासून लांब उडू देऊ नका, जवळच ठेवा, म्हणजे परत यायला वेळ लागत नाही. सोपा भाग पळत आणि अवघड भाग रांगत वाजवू नका. वाकळेचा धावदोरा कसा, टाका टाक्यासारखा पडतो, तसं सगळं सारख्या चालीनं. आमच्यातली एकजण टाळ धरते, अगदी सावकाश. त्या चालीत तीनदा बिनचूक आलं, तरच थोडा वेग वाढवायचा.

आता आमच्या आक्कांची गोष्ट. त्यांना विचारूनच सांगतो आहोत.

सहा वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात आक्कांच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली. मैत्रिणींनो, पेंढी हातानं आत ढकलू नका, लाकूड वापरा, हे आजही सांगतो. तेव्हापासून आक्का डावा हात पदराखाली ठेवायच्या. बैठकीत, लग्नात, फोटोतसुद्धा. गिटार आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी टाळ धरते आणि ओवी म्हणते. तुम्ही वाजवा."

आमचा पहिला सोलो म्हणजे ओवीचीच चाल होती. ती चार-पाच सुरांतच फिरते, आणि आईच्या जात्यापाशी ऐकलेली असल्यानं शिकावी लागली नाही. आक्का गायच्या, आम्ही मागोमाग वाजवायचो. एकदा त्या गाता गाता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ओळ मध्येच तोडता. माझा श्वास संपतो तिथं थांबा ना." तेव्हापासून नियमच केला: आधी गायचं, मग वाजवायचं. गळ्यानं जिथं श्वास घेतला, तिथंच हातानं थांबायचं. सलग वाजवायचं म्हणजे न थांबता वाजवायचं नव्हे. योग्य जागी थांबलं, की मधलं सगळं सलग वाटतं.

इतकं कळणारी बाई टाळच धरून बसली होती. एका रविवारी भाचीनं जँगो राईनहार्टची गोष्ट सांगितली. बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला, भटक्या रोमानी लोकांतला हा वादक. त्यांचं घर म्हणजे गाडा. बायको विकायला कागदाची आणि सेल्युलॉइडची फुलं करायची. १९२८ साली एका रात्री मेणबत्तीनं त्या फुलांनी पेट घेतला. जँगो वाचला, पण डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अंथरुणात असताना भावानं त्याला गिटार आणून दिली. उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायची नवी पद्धत त्यानं स्वतः बसवली. १९३४ साली पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांच्यासोबत त्याचा वाद्यवृंद उभा राहिला, आणि आजही जगभरचे गिटारवाले त्याचं वादन ऐकून शिकतात.

आक्का म्हणाल्या, "कुठली दोन बोटं?" भाचीनं मोबाईलवर त्याचं जुनं काळं-पांढरं चित्रण दाखवलं. आक्कांनी ते तीनदा बघितलं. मग पदराखालून हात काढला आणि म्हणाल्या, "इकडं आण ती."

वर सांगितलेले पाच सूर दोन बोटांत बसतात. तिसऱ्या पडद्याला आमची अनामिका जाते, आक्का मधलंच बोट नेतात. बोटं कमी, म्हणून त्यांना तारेवरून सरकावं फार लागतं. पण त्या सरकण्यामुळंच त्यांचे सूर एकमेकांना जोडले जायला लागले. चार बोटांच्या आम्ही टण-टण करत होतो आणि दोन बोटांच्या आक्कांची ओवी गळ्यातून आल्यासारखी यायची. हे सहज झालं नाही. सहा महिने लागले. एकदा रागानं त्यांनी गिटार माझ्याच्यानं होत नाही म्हणून परत पाठवली, दुसऱ्या दिवशी स्वतःच घेऊन गेल्या.

"आता या वयात?" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक नाव. अमेरिकेतल्या एलिझाबेथ कॉटन, जन्म १८९३. लहानपणी लोकांच्या घरी काम करून पैसे साठवले आणि गिटार घेतली. लग्न झालं, संसार आला, गिटार कित्येक वर्षं सुटली. उतारवयात घरकामाला लागल्या त्या घरी गिटारी होत्या, तिथं त्यांनी पुन्हा हातात घेतली. पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ साली निघाली, तेव्हा त्या पासष्टीच्या घरात होत्या. त्या डावखुऱ्या, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरून अंगठ्यानं सुरावट वाजवायच्या. तशी धरा असं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

गेल्या संक्रांतीला गटाच्या हळदीकुंकवात आक्कांनी दोन मिनिटं ओवी वाजवली. मागं आम्ही टाळ धरला. अंगणात पन्नासेक बायका होत्या. वरच्या सा ला बोट चुकलं, तार किरकिरली आणि आक्का थांबल्या. आमच्या पोटात गोळा आला. त्यांनी श्वास घेतला, प पासून पुन्हा उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. बायकांना वाटलं, ओवीत तिथं थांबायचंच असतं. नंतर वाण वाटताना आक्कांनी दोन्ही हात पुढं केले. आम्ही एकमेकींकडं बघितलं, बोललं कुणीच नाही.

मैत्रिणींनो, गिटारच हवी असं नाही. पेटी असेल, बासरी असेल, नातवाचा कीबोर्ड असेल. जे घरात पडून आहे ते खाली काढा. चौघी-पाचजणी मिळून भिशीसारखं फिरवा. दिवसाची वीस मिनिटं आपली म्हणून ठेवा. आपल्याला येणारीच एक चाल निवडा, आधी गा, मग सावकाश वाजवा. आणि पुढचा सूर हाती आल्याशिवाय मागचा सोडू नका.

आज गिटार कुणाकडं आहे विचाराल तर मावशींकडं. त्यांचा वार आहे. भांडी झाली की त्या बसतील.