गायकाची बैठक आणि दमसास

स्वर घशात उमटतो, पण त्याला बळ पुरवते ती फुफ्फुसांतून बाहेर येणारी हवा. तिच्यामुळे स्वरतंतू कंप पावतात आणि तिचा दाब कमीजास्त झाला की स्वर डळमळतो. म्हणून स्वर स्थिर हवा तर आधी श्वास ताब्यात हवा. श्वासाला जागा मिळते ती बैठकीतून.

ख्यालगायक मांडी घालून बसतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली उतरतो, खालच्या बरगड्या बाजूंना फाकतात, पोट किंचित पुढे येते. कंबरेत पोक काढून बसल्यास पोट दबते आणि या हालचालीला वाव उरत नाही. त्यासाठी पाठ सरळ पण न ताठरलेली, खांदे सैल आणि हनुवटी समतल असावी. गुडघे वर राहत असतील तर बैठकीखाली सतरंजीची घडी घ्यावी, म्हणजे कंबर सरळ राहते. तार सप्तकात जाताना मान उंचावली की गळा आवळतो. संगीत नाटकातल्या नटाप्रमाणे उभ्याने गायचे असल्यास भार दोन्ही पावलांवर सारखा ठेवावा.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. गायला याहून बरीच जास्त लागते. मात्र खांदे उचलून घेतलेला श्वास लवकर सुटतो. खरे कसब हवा जपून सोडण्यात आहे. फाकलेल्या बरगड्या एकदम मिटू न देता स्वर लांबवला की हवा पुरते. पहाटेच्या खर्जाच्या रियाजात मंद्र सप्तकातल्या एकेका स्वरावर आकार लावून हेच साधतात. स्वर थरथरण्याआधी थांबावे आणि नवा श्वास घ्यावा.

श्वास कुठे घ्यायचा, हेही ठरलेले असावे. बंदिशीतला शब्द तोडून किंवा मींडेच्या मध्येच तो घेऊ नये. तान संपवून मुखडा पकडायचा आणि समेवर यायचे, एवढा दम राखून ठेवावा लागतो. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या जयपूर घराण्याच्या गायकीत स्वरावली अखंड गुंफत नेतात, त्यामुळे तिथे दमसासाची विशेष कसोटी लागते.

भरल्यापोटी श्वासपटल मोकळेपणाने खाली उतरत नाही. म्हणून जेवणानंतर लगेच रियाज करू नये. दम वाढवताना चक्कर आल्यास थांबावे.