डोळा लवतो, मूळ मात्र कानामागे
(सभेत दिलेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



डोळा लवला की उजवा की डावा, शुभ की अशुभ, हा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांनी कोकणातून थेट लंडनपर्यंत आणला. जागरणाने किंवा थकव्याने पापणी फडफडते व काही दिवसांत थांबते. तिची चिंता नको. परंतु एकाच बाजूची पापणी महिनोन्महिने लवत राहिली, आचके गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरले आणि झोपेतही थांबेनात, तर तो शकुन नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. या विकारास ‘हेमिफेशियल स्पाझम’ म्हणतात. तो लाखात सुमारे १० जणांस, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक होतो.

चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूचा अभ्यास स्कॉटिश शल्यवैद्य सर चार्ल्स बेल यांनी १८२१ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला. हा तंतू मुका झाला की अर्धा चेहरा लुळा पडतो. त्यास आपण ‘बेल्स पाल्सी’ म्हणतो. आज ज्याविषयी बोलत आहोत तो विकार याच्या उलट: येथे तंतू नको तेव्हा बोलू लागतो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी कवटीच्या आत पाहावे लागते. कवटीचा तळ सपाट नाही. त्यात पायऱ्यांसारखी उतरत जाणारी तीन दालने आहेत. सर्वांत मागचे व खालचे दालन सर्वांत दाटीचे. लहान मेंदू, मस्तिष्कस्तंभ, अनेक मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या तेथे शेजारी शेजारी नांदतात. चेहऱ्याचा तंतू येथेच मस्तिष्कस्तंभातून निघतो, श्रवणतंतूच्या सोबतीने कानाच्या हाडात शिरतो आणि कानाच्या पाळीमागून बाहेर येतो. उगमापाशी त्याचे आवरण नाजूक असते. वय किंवा रक्तदाब वाढला की धमनी लांबते, वळसा घेते आणि नेमकी तेथे टेकते. मग प्रत्येक ठोक्यासरशी तंतूस धक्का बसतो. ज्यांचे हे दालन मुळातच अरुंद, त्यांच्यात अशी गाठ पडण्याचा संभव अधिक, असे काही अभ्यासांत दिसले आहे. अर्थात हाडाची घडण कोणी निवडून घेत नाही. म्हणून यात लाजण्यासारखे काही नाही.

१८७५ साली जर्मनीत शुल्त्से यांना अशा एका रुग्णाच्या शवविच्छेदनात तंतूवर दाब देणारी फुगलेली धमनी आढळली. तरीही सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने हा दाब दूर करण्याची शस्त्रक्रिया रूढ होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेतील पीटर जॅनेटा यांनी १९७० च्या दशकात ती प्रस्थापित केली. शल्यवैद्य कानामागे हाडाला छोटे छिद्र पाडतात. त्या हाडाच्या आतून मोठी शीर वळण घेते; तिला इजा न होता मार्ग काढणे हेच कौशल्य. मग धमनी अलगद दूर सारून मध्ये टेफ्लॉनचा लहानसा बोळा ठेवतात. तंतू कापीत नाहीत.

दहांपैकी सुमारे नऊ जणांस गुण येतो, कधी लगेच, तर कधी काही महिन्यांनी. मात्र श्रवणतंतू अगदी शेजारी असल्याने त्या बाजूचे ऐकणे कमी होण्याचा धोका आहे; क्वचित पक्षाघातासारखे गंभीर अपायही होतात. दुसरा मार्ग बोटॉक्सच्या सुईचा: ती स्नायू सैल करते, दाब हटवीत नाही, आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. वृद्ध किंवा हृदयविकाराच्या रुग्णास तीच योग्य ठरू शकते. निवड रुग्णाची, पण समजून केलेली असावी.

म्हणून एवढेच सांगणे: घरात कोणी चारचौघांत येणे टाळीत असेल, फोटोत तोंड फिरवीत असेल, तर प्रेमाने विचारा. आचके येत असताना फोनवर चित्रफीत घ्या आणि आपल्या जी.पी.ना दाखवा; न्यूरॉलॉजिस्टकडे पाठविण्याची व एम.आर.आय.ची विनंती करा. आजीआजोबांना इंग्रजी जड जात असेल तर एन.एच.एस.कडे दुभाषा मागा; त्याचे पैसे पडत नाहीत. शल्यवैद्यांस दोन प्रश्न अवश्य विचारा: अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या, आणि त्यांत किती जणांचे ऐकणे गेले?